अर्थ लागत नाही

गोळीबार चौकाच्या मागे, पत्र्याखाली
पिवळी गाडी येऊन थांबली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते
अन् कूलरमधलं पाणी संपलेलं.
गाडी जपानी, दोन दारांची, बसकी.
मागे डिकीत निळी टाकी, तिला पट्टे आवळलेले,
मोटरसायकलवर लेकराला ओढणीनं बांधावं तसे.

तन्मय हेडाऊ म्हणाला, दादा, नायट्रस बसवला,
किट पुण्याहून आणली, वायरिंग मीच केली,
स्विच टाकला की लाल दिवा लागते,
पण पूर्ण रेस दिली की काहीच होत नाही.
"काहीच म्हणजे?"
"म्हणजे गाडी होती तशीच राहते."
मी म्हटलं, हे तर माणसाचंही होते बे.

आधी टाकीचा कॉक बंद केला.
नळीत उरलेला गॅस सोडला, फस्सकन निघाला,
नळीच्या तोंडाशी पांढरं दव जमलं. मे महिन्यात.
गल्लीतली पोरं हात लावायला धावली, हाकलली.
पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून खिशात टाकला.

मग टेस्ट लॅम्प.
बॅटरीपासून फ्यूजपर्यंत, आहे.
फ्यूजपासून स्विच, आहे.
पाय दाबला की थ्रॉटलजवळची बारकी पट्टी मिटते,
रिले टिक् करते,
सत्त्याऐंशी नंबरच्या पिनवर बारा पूर्णांक चार.
सगळं आहे. आणि सोलेनॉइड मुके, दोन्ही,
एक गॅसचा, एक पेट्रोलचा,
शेजारीशेजारी, वाटणीवरून बोलणं तुटलेल्या भावांसारखे.

बाप मागावर बसला की बोलत नसे.
ताण्यात एक धागा तुटला तरी धोट्याचा आवाज बदलते,
एवढंच सांगितलं त्यानं, तेही मी विचारलं नसताना.
मी पंखा बंद केला. तन्मयचं गाणं बंद करायला लावलं.
टिक्.
रिलेची टिक् बरोबर होती.
तिच्या पाठोपाठ जो ठक् यायला पाहिजे, तो नव्हता.

मीटरची एक दांडी बॅटरीच्या मायनसला,
दुसरी सोलेनॉइडच्या काळ्या वायरीला.
बारा पूर्णांक चार.
तिथं शून्य पाहिजे होतं.
म्हणजे करंट शेवटपर्यंत गेला
आणि दारात उभा राहिला, परत जायला वाट नाही.
"अर्थ लागत नाही तुह्या गाडीत."
तो हसला. "कशात लागते, दादा?"
पोरगं बी.ए.ला मराठीत अडकलेलं होतं, नंतर कळलं.

ब्रॅकेट पाहिला. नवा, काळा, चकचकीत,
हिंगण्याला पाचशे देऊन पावडर कोटिंग केलेला,
अन् त्याच रंगावर अर्थचा बोल्ट आवळलेला,
जोर लावून, प्रेमानं.
रंग छान होता. रंगातून वीज जात नाही.

पॉलिश पेपरनं रुपयाएवढं खरवडलं.
तन्मयनं गालावर हात ठेवला.
खालून पांढरं लोखंड निघालं.
दातेरी वॉशर, बोल्ट, वरून बोटभर ग्रीस.
दाब पाय, म्हटलं.
टिक्, ठक् ठक्.
दोघेही एकदमच बोलले.

रविवारी रेस आहे, दादा, चला, शेजारी बसा.
किती वेळाची?
"बारा सेकंद. लागला गॅस तर अकरा."
बाप साडीच्या एका पदराला अकरा दिवस घ्यायचा.
ते काम वेगळं.
फ्यूज आठवणीनं परत लावला, तीनशे घेतले.
तो गेला, जुन्याच वेगात,
पुढे चौकात जाम होता.

रात्री दुकान बंद करून लुना काढली.
तिचा हॉर्न दिवाळीपासून वाजत नाही.
फ्यूज पाहिला नाही, अर्थ पाहिला नाही.
टांड्यापेठेच्या वळणावर गायी बसलेल्या असतात,
तिथं मी तोंडानंच म्हणतो,
"हट, हट, बाजूला हो माय."